सर्वात धाकट्याला बोलू द्या



हल्ली घरोघरी एक विषय कानावर येतो. मुलगा, सून, लेक, जावई कुठे ना कुठे नोकरीला असतात आणि त्यांच्या ऑफिसमध्ये दर वर्षा-दोन वर्षांनी काम करण्याची एखादी ‘नवी पद्धत’ येते. कुठे रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याउभ्याच मीटिंग होते. कुठे सगळ्यांची कामे चिठ्ठ्यांवर लिहून एका फळ्यावर लावतात. कुठे एकच तक्ता सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर उघडा असतो आणि ज्याने त्याने आपापली ओळ भरायची असते. नावे वेगवेगळी, पण हेतू एकच. सर्वांनी मिळून काम करावे आणि एकाचे दुसऱ्याला कळावे. नव्याचे नऊ दिवस त्याचे कौतुक चालते, आणि दहाव्या दिवसापासून मुले घरी येऊन म्हणू लागतात, “आई, कामापेक्षा काम केल्याच्या नोंदीच जास्त झाल्यात.”

मी नोकरी केलेली नाही. बी.कॉम. झाले, लग्न झाले आणि पुढे हिशेब केला तो घरचा. तरीही मला या विषयावर लिहावेसे वाटते, कारण चार माणसांनी मिळून काम करणे ही फक्त ऑफिसची गोष्ट नाही. एकत्र कुटुंबाचे स्वयंपाकघर जिने चालवले आहे तिला हे समजावून सांगायला नको. घरात पन्नास पानांचा स्वयंपाक चालू असतो. मोठ्या जाऊबाई भाजीत मीठ घालून गेल्या आणि पाठोपाठ काकूंनीही घातले, हे सर्वात धाकट्या सुनेला दिसते, कारण ती तिथेच कोथिंबीर निवडत बसलेली असते. आता ती बोलेल का? ते तिच्या स्वभावापेक्षाही, मागच्या वेळी ती बोलली तेव्हा काय झाले यावर ठरते.

माझे मत पहिल्यांदाच सांगून टाकते. काम करण्याची नवी पद्धत म्हणजे नवा कागद, नवा फळा किंवा नवे ॲप नव्हे. गटातल्या सर्वात धाकट्या माणसाला “थांबा, इथे काहीतरी चुकतंय” असे म्हणता येणे, आणि त्याने म्हटल्यावर मोठ्याने खरोखर थांबणे, ही पद्धत. एवढे असेल तर एका साध्या कागदानेही जीव वाचतो. एवढे नसेल तर लाखो रुपयांचे सॉफ्टवेअर आणूनही उपयोग नाही.

माझे हे मत ऑफिसे पाहून झालेले नाही. ते झाले ऑपरेशन थिएटरची गोष्ट वाचून. आज ना उद्या आपल्याला किंवा आपल्या माणसाला त्या खोलीत जावेच लागते, आणि तिथली पाच-सात माणसे एकमेकांशी कशी बोलतात यावर आपला जीव अवलंबून असतो.

डॉ. अतुल गावंडे हे अमेरिकेतले प्रसिद्ध सर्जन आणि लेखक. त्यांचे वडीलही डॉक्टर, मूळचे आपल्या विदर्भातल्या उटी गावचे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनमधले मृत्यू कमी कसे होतील यावर काम सुरू केले, त्याचे नेतृत्व गावंडे यांच्याकडे होते. त्यातून २००८ मध्ये एक यादी तयार झाली. एकोणीस मुद्द्यांची, एका पानावर मावणारी. ऑपरेशनच्या वेळी तीनदा थांबायचे आणि यादी मोठ्याने वाचायची: भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी.

यादीत आहे तरी काय? रुग्णाला नाव विचारून खात्री केली का? ऑपरेशन शरीराच्या कोणत्या जागी आहे? कशाची ॲलर्जी आहे का? छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात जंतुसंसर्ग टाळण्याचे औषध दिले का? शेवटी गॉज, सुया आणि हत्यारे मोजली का, आकडा जुळला का? तुम्ही म्हणाल, यात नवे काय? हे तर प्रत्येक डॉक्टरला माहीत असते. असतेच. दुधाखालचा गॅस बंद करायचा असतो हे आपल्यालाही माहीत असते, तरी दूध उतू जातेच ना?

त्या यादीतला एक मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. छेद घेण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगायचे. सर्जनने, भूलतज्ज्ञाने आणि सिस्टरनेही. वरवर पाहता हा औपचारिकपणा वाटतो. पण ज्या माणसाने सुरुवातीला एकदा तोंड उघडलेले असते, त्याला पुढे गरज पडली तर तोंड उघडणे सोपे जाते. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सर्वांसमोर नावाने हाक मारून “तुला काय वाटतं?” असे विचारणाऱ्या घरातली सून आणि नुसते “हे धर, ते आण” ऐकणारी सून, यांत जो फरक पडतो तोच हा.

ही यादी जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. त्यांत लंडन, टोरोंटो, सिएटल होते, टांझानियातले छोटे इफाकारा होते आणि आपली नवी दिल्लीही होती. यादी येण्यापूर्वीचे तीन हजार सातशेहून अधिक रुग्ण आणि नंतरचे जवळजवळ चार हजार रुग्ण यांची तुलना केली. मोठी गुंतागुंत होण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. जवळजवळ निम्मे. हे निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. खर्च काय, तर एक छापील पान आणि दोन-तीन मिनिटे.

त्याआधीची बाल्टिमोरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ मध्ये अतिदक्षता विभागासाठी फक्त पाच गोष्टींची यादी केली. मोठ्या शिरेत नळी घालताना साबणाने हात धुवायचे, रुग्णाची त्वचा जंतुनाशकाने पुसायची, रुग्णाच्या अंगावर निर्जंतुक कापड घालायचे, डॉक्टरने मास्क-टोपी-गाऊन-हातमोजे घालायचे आणि शेवटी त्या जागेवर निर्जंतुक पट्टी लावायची. मग त्यांनी नर्सना महिनाभर नुसते बघायला सांगितले. एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांकडून एखादी तरी पायरी सुटत होती. आणि हे डॉक्टर जगातल्या नामांकित रुग्णालयातले!

पुढे प्रोनोव्होस्ट यांनी जे केले ते मला यादीपेक्षाही मोठे वाटते. त्यांनी व्यवस्थापनाकडून नर्सना अधिकार मिळवून दिला. डॉक्टरने पायरी चुकवली तर नर्सने त्याला थांबवायचे, आणि व्यवस्थापन नर्सच्या पाठीशी उभे राहील. वर्षभरात नळीतून होणाऱ्या जंतुसंसर्गाचे प्रमाण ११ टक्क्यांवरून शून्यावर आले. साबण आधीही होता, मास्कही होते. नर्सला चूक आधीही दिसत असणार. नवीन आले ते एवढेच, की तिला दिसलेले तिला बोलता येऊ लागले.

आता कोणी म्हणेल, झाले तर मग, सगळीकडे यादी सक्तीची करा. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१० मध्ये जवळपास तेच केले. रुग्णालयांनी यादी वापरायची आणि किती वापरली ते जाहीर करायचे. १०१ रुग्णालयांची पाहणी झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आले. यादी वापरल्याचे कागदोपत्री प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त, आणि रुग्णांच्या मृत्यूचे प्रमाण? ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्के. म्हणजे फरक पडला असे छातीठोकपणे म्हणता येईल इतकाही नाही. गुंतागुंतीचे प्रमाणही जवळजवळ होते तिथेच राहिले.

कागद तोच, मुद्दे तेच, मग परिणाम का नाही? यावर जाणकारांनी पुष्कळ चर्चा केली. अनेकांचे म्हणणे असे पडले, की वरून हुकूम आला म्हणून खुणा झाल्या, पण यादी मनापासून वापरली गेलीच असे नाही. मला हे पटते. सर्जन हात धुतोय, भूलतज्ज्ञ फोनवर आहे, आणि एक जण कोपऱ्यात उभा राहून भराभर सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा करतोय. अशा खुणांनी हजेरीपुस्तक भरते, रुग्णाचे काही होत नाही.

बी.कॉम.ला आम्हाला ऑडिटिंग हा विषय होता. त्यात ‘इंटर्नल चेक’ शिकवायचे. पैसे घेणारा आणि वहीत नोंद करणारा एकच माणूस नसावा, एकाचे काम आपोआप दुसऱ्याच्या नजरेखालून जावे. यात कोणावर अविश्वास नसतो. माणूस आहे म्हणजे नजरचूक होणार, एवढेच त्यात धरलेले असते. पण दुसऱ्याची नजर म्हणजे खरोखरची नजर हवी. आपल्या महिला बचत गटांचेच पाहा. बँकेतून गटाचे पैसे काढायला एकीच्या सहीवर भागत नाही, दोघी-तिघींच्या सह्या लागतात. नियम उत्तम आहे. पण अध्यक्षबाईंना वेळ नाही म्हणून त्यांनी महिनाभराच्या कोऱ्या स्लिपांवर आधीच सह्या करून ठेवल्या, तर? नियम पाळला गेला आणि त्यातला अर्थ गेला. बँकेला दोन सह्या दिसतात. दोन नजरा मात्र त्या व्यवहारावर कधी पडलेल्याच नसतात.

कारखान्यांतूनही हाच अनुभव आलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. कामगार आणि मालक यांचे पटत नव्हते, पाच कामगारांमागे एक गैरहजर असायचा, गाड्या सदोष निघायच्या. १९८२ मध्ये कारखाना बंद झाला. दोन वर्षांनी जपानच्या टोयोटाने जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू केला, आणि नवे कामगार न शोधता बहुतेक जुनेच परत घेतले.

पूर्वी तिथे असा दंडक होता, की काहीही होवो, गाड्यांची रांग थांबता कामा नये. बोल्ट चुकीचा बसला तरी गाडी पुढे ढकला, नंतर दुरुस्त करू. टोयोटाने प्रत्येक कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी नेली. काही चुकते आहे असे वाटले की दोरी ओढायची. दिवा लागतो, गटाचा प्रमुख धावत येतो आणि मदत करतो. तेवढ्यात सुटले तर ठीक, नाही तर रांग थांबते. यासाठी कामगारांना तुकड्यातुकड्यांनी जपानला नेऊन हे प्रत्यक्ष दाखवले. ज्याने आयुष्यभर “थांबवलंस तर याद राख” ऐकले आहे, त्याला “दोरी ओढलीस, बरं केलंस” हे नुसत्या भाषणाने पटणार नव्हते. वर्ष-दोन वर्षांत त्याच कारखान्यातून, त्याच माणसांच्या हातून उत्तम गाड्या निघू लागल्या आणि गैरहजेरी दोन टक्क्यांच्या आसपास आली.

जनरल मोटर्सने मग हीच पद्धत लॉस एंजेलिसमधल्या आपल्या व्हॅन नाइस कारखान्यात नेऊन पाहिली. तिथे ती रुजली नाही, आणि १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. कारणे एकाहून जास्त असतील. पण एक गोष्ट त्यातून कळते. दोरी कुठेही टांगता येते. ती ओढणाऱ्याकडे वरचा माणूस कोणत्या नजरेने पाहतो, ते मात्र विकत आणता येत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला आक्षेप: सगळेच बोलू लागले तर काम कधी होणार? आक्षेपात तथ्य आहे. चर्चाच चर्चा करणारी घरे आणि ऑफिसे आपण पाहिलेली आहेत. पण ऑपरेशनची यादी पाहा. थांबायचे फक्त तीन वेळा, मुद्दे एकोणीसच. बाकीचा वेळ सर्जन आपले काम करतो, त्याला कोणी सल्ले देत बसत नाही. चांगली पद्धत बोलण्याची जागा नेमून देते. जी पद्धत दिवसभर सगळ्यांना बोलायला लावते ती मोडीत काढली तरी चालेल. आपली मुले वैतागतात ती याच जातीच्या पद्धतींना, आणि त्यांचा वैताग रास्त आहे.

दुसरा आक्षेप: यात मोठ्यांचा मान जातो, शिस्त जाते. मला उलट वाटते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन प्रचंड विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्यातल्या एका विमानाचा कप्तान त्याच्या कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतरांना शिकवणारा. तो निघाला तेव्हा त्याच्याच विमानातल्या इंजिनिअरने शंका काढली, की दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना? कप्तानाने ठामपणे ‘हो’ म्हटले, आणि शंका तिथेच विरली. काही सेकंदांनी टक्कर झाली. शंका खरी होती. ती काढणारा पदाने लहान होता. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांना एक नवेच शिक्षण देणे सुरू झाले: लहानाने स्पष्ट बोलायचे कसे आणि मोठ्याने ऐकायचे कसे. कप्तान अजूनही कप्तानच आहे आणि निर्णय त्याचाच असतो. मान गेलेला नाही, अपघात मात्र टळले आहेत.

म्हणून ऑफिसात अधिकारपदावर असलेल्या आपल्या मुलामुलींना मी एवढेच सांगेन. नवी पद्धत आणताना खालच्यांना प्रशिक्षण द्याच, पण सुरुवात स्वतःपासून करा. पुढचे प्रश्न स्वतःला विचारून पाहा. गेल्या महिन्यात तुमच्या हाताखालच्या कोणी तुम्हाला थांबवले का? थांबवले नसेल तर तुमचे काही चुकलेच नाही, असे समजू नका. कोणी बोलले नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ज्याने थांबवले त्याची शंका चुकीची निघाली, तेव्हा तुम्ही काय केले? “उगाच वेळ घालवलास” म्हणालात की “विचारलंस ते बरं झालं”? खरी परीक्षा तिथे आहे, कारण शंका खरी निघाल्यावर आभार सगळेच मानतात. आणि तक्त्यातल्या सगळ्या चौकटी दर आठवड्याला शंभर टक्के भरलेल्या येत असतील, तर एकदा जागेवर जाऊन बघा. खऱ्या कामात काहीतरी राहतेच.

आणि जी मुले सर्वात खालच्या पायरीवर आहेत त्यांना सांगेन, बोलायची सवय लहान गोष्टींपासून लावा. ऑपरेशनच्या खोलीत आधी फक्त नाव सांगायचे असते, मोठे धाडस लगेच कोणी मागत नाही. “सर, हा आकडा एकदा पुन्हा बघू का?” असे नम्रपणे विचारता येते. नम्रपणा आणि गप्प बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण घरात मुलींना, सुनांना त्या एकच आहेत असे शिकवत आलो, ते आता पुरे.

शेवटी आपल्यासाठी एक गोष्ट. त्या यादीबद्दल डॉक्टर, नर्स यांना विचारले होते. काहींना ती वेळखाऊ वाटत होती. पण “तुमचे स्वतःचे ऑपरेशन असेल तर यादी वापरलेली हवी का?” असे विचारल्यावर ९३ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. यातच सगळे आले. तेव्हा मैत्रिणींनो, रुग्णालयात जायची वेळ आली आणि वॉर्डमधल्या सिस्टरने, मग भूलतज्ज्ञाने, मग थिएटरच्या दारात आणखी कोणी तेच तेच विचारले, “नाव काय आजी? कोणत्या पायाचं ऑपरेशन?” तर “किती वेळा सांगू, फाईलमध्ये लिहिलंय की” म्हणून चिडू नका. ती मुलगी आपले काम नीट करते आहे. तिला पूर्ण नाव सांगा, पाय हाताने दाखवा. आणि कोणीच विचारले नाही, तर आपण होऊन सांगा. त्या खोलीत त्या दिवशी आपणही गटातले एक असतो.